क्विंटलसाहेबांचे पाच किलोमीटर

ऑपरेशनला दोन महिने होतात न होतात तोच क्विंटलसाहेबांची पँट भर बाजारात खाली आली.

अगदी खाली आली असं म्हणणं जरा अन्यायाचं होईल. गुडघ्यापाशी त्यांनी ती धरली. पण धरायला हात मोकळा हवा म्हणून हातातलं पाच किलोचं पितळी वजन सोडावं लागलं, ते किराणा दुकानदाराच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं, आणि ज्याच्या काट्यातली खोट आता दोन मिनिटांत उघडी पडणार होती तोच माणूस तक्रारदार होऊन ओरडायला लागला. क्विंटलसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जायचं, आपल्या पेटीतली प्रमाण वजनं दुकानदाराच्या काट्यावर ठेवायची, काटा खरं बोलत असेल तर शिक्का मारायचा आणि खोटं बोलत असेल तर सील ठोकायचं, हे त्यांचं काम. अशा माणसावर एका हाताने पँट आणि दुसऱ्या हाताने कायदा सांभाळायची वेळ यावी, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

क्विंटल हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. ते बाजाराने ठेवलं होतं, आणि तेव्हा साहेबांचं वजन क्विंटल ओलांडून बरंच पुढे गेलेलं असल्यामुळे त्यांना ते नाव उलट सौम्यच वाटलं होतं. पण पुढे जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीवरच्या सूचना वाचायची सवय लागली. झोपेत श्वास अडकायला लागला. बायको रात्रभर कान देऊन पडायला लागली. शेवटी सर्जनबाईंनी त्यांच्या जठराचा मोठा भाग कापून काढला आणि उरलेला केळ्याएवढा ठेवला. तेव्हापासून साहेबांचं जेवण म्हणजे छोट्या वाटीत मावेल तेवढं, तेही चमच्या-चमच्याने, नीट चावून, अर्धा तास लावून. वजन इतकं भराभर उतरत होतं की शिंप्याकडे खेटे सुरू झाले. शिंपी दर वेळी पँट दोन्ही बाजूंनी आत घ्यायचा. एका फेरीला त्याने कात्रीच खाली ठेवली.

"साहेब, आता आणखी आत घेतली तर मागचे दोन खिसे एक होतील."

"मग नवी शिव."

"कुणाच्या मापाची? आज माप घेतो, पण पँट शिवून होईपर्यंत तुम्ही उरणार किती ते सांगा."

तेव्हा साहेब जुनीच पँट पट्ट्याने आवळून हिंडत होते आणि त्यातून ती बाजारातली भानगड झाली.

नावाचाही प्रश्न निघाला. साहेबांचं वजन शंभराच्या खाली आल्याची बातमी फुटली तेव्हा बाजारात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, माल कमी आणि लेबल तेच, ही तर ग्राहकाची फसवणूक. दुसऱ्याचं म्हणणं, एकदा पडलेलं नाव कोण बदलतं? एका फळवाल्याने 'पाऊण क्विंटल' असं नाव सुचवलं. साहेब हसले खरे, पण त्यांना ते लागलं. इतकी वर्षं जे नाव नको होतं तेच आता हातचं जाताना चुटपुट लागली, हे त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही.

खरी ठिणगी मात्र मेहुण्याने टाकली.

मेहुणा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. (साहेबांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.) तो विमा कंपनीत होता आणि रोज पहाटे धावायचा. नुसता धावायचा असता तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. धावून झाल्यावर तो ते सांगायचाही. त्याच्या मनगटावर एक घड्याळ होतं. ते किती धावलो, किती वेगाने धावलो, हृदय किती वेळा धडकलं, झोप कशी लागली, सगळं मोजायचं. वेळही दाखवायचं म्हणतात, पण ती त्याने कधी कुणाला सांगितली नाही.

एका रविवारी तो जेवायला आला. साहेबांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "भाऊजी, छानच दिसताय हं. पण खरं सांगू का? राग मानू नका. हे म्हणजे कॉपी करून पास झाल्यासारखं आहे."

"म्हणजे काय रे?" वहिनींनी विचारलं.

"अगं ताई, लोक घाम गाळतात, वर्ष वर्ष जिभेवर ताबा ठेवतात. भाऊजी आपले टेबलावर झोपले आणि बारीक होऊन उठले."

साहेबांना बोलायचं होतं. टाक्यांबद्दल बोलायचं होतं. आधीच्या पंधरा-वीस वर्षांत जे जे उपाशी राहून झालं होतं, काकडीवर काढलेले आठवडे, गरम पाण्यावर काढलेल्या सकाळी, आणि दर वेळी दुप्पट होऊन परत आलेलं वजन, त्या सगळ्याबद्दल बोलायचं होतं. पण त्यांच्या तोंडात बटाट्याचा एक घास होता आणि सर्जनबाईंचा नियम असा की घास पुरा चावल्याशिवाय गिळायचा नाही. ते चावत राहिले. गिळून होईपर्यंत मेहुणा आपल्या नव्या बुटांकडे वळला होता.

कॉपी हा शब्द मात्र त्यांच्या मनातून हलेना. उभ्या नोकरीत ज्याने गुंजभर खोट कुणाला माफ केली नाही, त्याला त्याच्याच घरात, त्याच्याच बायकोच्या भावाने खोट्या काट्यात काढावं! साहेबांनी पेल्याकडे हात नेला. पाणी प्यावं तर जेवणाबरोबर पाणीही वर्ज्य.

"तुझ्या धावण्याच्या क्लबची शर्यत आहे ना पुढे?" ते एकदम म्हणाले. "पाच किलोमीटरची? मी धावणार."

मेहुण्याच्या हातातला चमचा थांबला. "भाऊजी, धावणार म्हणजे धावणार? चालत नाही हं."

"धावत. एक पाऊलसुद्धा चालणार नाही."

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बस सुटली तरी धावत नाही. दुसरी येईल म्हणता."

"पाच किलोमीटर पुरे धावलो तर कॉपी हा शब्द मागे घेशील?"

"घेईन की. चारचौघांत घेईन," मेहुणा म्हणाला आणि घड्याळाकडे बघून त्याने आपल्या हृदयाचे ठोके तपासले. ते उत्तम चालले होते.

आता पोट कापलेल्या माणसाला शर्यतीत घ्यायचं तर क्लबला डॉक्टरचा दाखला हवा होता. साहेब सर्जनबाईंकडे गेले. बाईंनी आधी वजन करायला सांगितलं. साहेब काट्यावर चढले, आकडा पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. त्याच सकाळी त्यांनी ऑफिसातल्या पोत्यांच्या काट्यावर स्वतःला मोजून घेतलं होतं, आणि तो काटा त्यांनी स्वतः प्रमाणित केलेला होता. दवाखान्याचा काटा दोन किलो कमी दाखवत होता.

दुसरा एखादा असता तर खूश झाला असता. साहेबांनी काटा उलटा केला. खाली कुठेही शिक्का नव्हता. मग त्यांनी पिशवीतून तार काढली, शिसं काढलं, चिमटा काढला आणि बाई "अहो, अहो!" म्हणेपर्यंत काटा सील करून टाकला.

"दाखला द्यायचं बघू," बाई थंडपणे म्हणाल्या. "आधी माझा काटा मोकळा करा."

इथून कायद्याचा जो गुंता झाला तो खात्याच्या इतिहासात नोंद व्हावी असा होता. काटा दुरुस्त होऊन आला. पण त्याचं सील तोडायचं तर ते ठोकणाऱ्या अधिकाऱ्यानेच तोडायला हवं. आणि खात्याच्या मोठ्या साहेबांनी कागदपत्रं पाहिली तेव्हा असं निघालं की सील ठोकलं त्या दिवशी आपले निरीक्षक डॉक्टरकडे जायचं म्हणून वैद्यकीय रजेवर होते. म्हणजे ते सील कायद्याने ठोकलंच गेलेलं नव्हतं. जे ठोकलंच नाही ते तोडणार कसं? आणि काट्याला लोंबकळणारं ते शिसं मग काय होतं? मोठे साहेब म्हणाले, विचारणा वर पाठवतो. विचारणा वर गेली आणि बरेच दिवस वरच राहिली. तोवर दवाखान्यात येणाऱ्या जाड माणसांना बाई नुसत्या नजरेने मोजत होत्या, आणि दर वेळी साहेबांचं नाव घेत होत्या. अखेर साहेबांनी स्वतःच्याच सहीने स्वतःविरुद्ध एक खुलासा लिहून दिला, ताकीद घेतली, आणि तेव्हा कुठे काटा सुटला. बाईंनी दाखला दिला, पण त्यावर 'पोट ठीक आहे, डोक्याबद्दल सांगता येत नाही' असं लिहायचा त्यांना मोह झाल्याचं नर्सने पुढे वहिनींना सांगितलं.

हे होईपर्यंत साहेबांचा सराव सुरू झाला होता.

पहिल्या दिवशी ते उजाडताच निघाले, लोकांनी बघू नये म्हणून. बुटाच्या नाड्या वाकून स्वतः बांधल्या. कित्येक वर्षांनी हे जमलं होतं, म्हणून ते दोन मिनिटं नुसते बुटांकडे बघत बसले. मग रस्त्यावर येऊन धावायला लागले. थोडं अंतर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मागून कुणीतरी येतंय. फट, फट, फट असा आवाज येत होता. साहेबांनी वेग वाढवला. मागच्यानेही वाढवला. या धंद्यात शत्रू कमी नसतात, आणि तो अंगठा सुजलेला दुकानदार त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ते झटकन थांबून मागे वळले. रस्ता मोकळा होता. एक कुत्रं तेवढं त्यांच्याकडे टक लावून बघत होतं.

पुन्हा धावल्यावर उलगडा झाला. पोट गेलं होतं, पण पोटाभोवतीची कातडी जागच्या जागी होती. तिला कुणी कळवलंच नव्हतं. धावताना ती वर जायची आणि खाली आपटायची, आणि शांत सकाळी तो आवाज दूरवर जायचा. साहेब घरी आले ते शर्मेने लाल होऊन.

वहिनींनी जुन्या चादरीची एक लांबलचक पट्टी फाडली. एक टोक साहेबांच्या पोटावर धरायला सांगितलं, दुसरं टोक धरून स्वतः खोलीच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हं, फिरा आता." साहेब स्वतःभोवती फिरत फिरत पट्टी गुंडाळून घेत बायकोपर्यंत पोचले. मग हा रोजचाच कार्यक्रम झाला. गरगरल्यामुळे पहिली काही पावलं ते तिरपे धावत, एवढीच अडचण होती.

वहिनींचंही एक दुखणं होतं. नवऱ्याला भरवण्यात त्यांची इतकी वर्षं गेली होती. आता मोठी पातेली माळ्यावर गेली होती आणि चार चमच्यांत जेवण संपत होतं. ऑपरेशननंतर एकदा त्या स्वयंपाकघरात एकट्याच रडल्या होत्या, आणि आपण नवरा जिवंत राहणार म्हणून रडतोय की पातेल्यासाठी हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. साहेब धावायला लागले तसं त्यांना पुन्हा काम मिळालं. त्या पाण्याची बाटली घेऊन कोपऱ्यावर उभ्या राहायच्या आणि साहेब समोरून गेले की एकच घोट द्यायच्या, कारण घटाघट पिणं त्या केळ्याएवढ्या पोटाला झेपत नव्हतं.

उजाडताच निघायचं म्हणजे लोकांपासून लपायचं, हा साहेबांचा समज तळमजल्यावरच्या कवायत मास्तरांनी पहिल्या आठवड्यातच खोटा ठरवला. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिट्टी त्यांनी परत केली नव्हती.

"गुडघे वर!" ते ओट्याच्या कठड्यावरून ओरडायचे. "छाती पुढे! हात असे काय लोंबकळताहेत, भाजी आणायला निघालात का?" त्या आवाजाने सगळी इमारत जागी व्हायची आणि खिडक्या-खिडक्यांतून सल्ले यायचे. एकाने सांगितलं अनवाणी धावा. दुसऱ्याने सांगितलं उलटं धावा, गुडघ्यांना बरं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना साहेबांची फारच दया आली. एका सकाळी त्या ग्लास घेऊन खालीच आल्या.

"किती वाळलात हो भाऊ! चेहरा बघवत नाही. हे घ्या, ग्लुकोज घातलंय. चांगलं चार चमचे."

साहेबांनी बाई माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून ग्लास तोंडाला लावला. सर्जनबाईंनी शंभरदा बजावलं होतं, गोड पाणी तुमच्या पोटात थांबणारच नाही, थेट आतड्यात उतरेल आणि मग काय होईल ते बघा. साहेब कोपऱ्यापर्यंत गेले आणि त्यांनी ते बघितलं. दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली आणि पोटातून अशी निकडीची सूचना आली की विचार करायला सवडच नव्हती. साहेब वळले आणि घराकडे सुटले. बाटली घेऊन उभ्या असलेल्या वहिनींना त्यांनी ओळखसुद्धा दिली नाही. गुडघे वर होते, छाती पुढे होती, हात कोपरांत वाकलेले होते. जिन्याच्या सूचना त्या दिवशी कुणी वाचल्या नाहीत.

खाली कवायत मास्तर हर्षाने वेडे व्हायचे बाकी होते. "बघितलंत? मी म्हणत नव्हतो? गुडघे वर घेतले की वेग आपोआप येतो!" ते वहिनींना सांगत होते. साहेब दार लावून आत बसले होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. खरं कारण सांगावं तर इभ्रत जाते आणि न सांगावं तर उद्यापासून त्याच वेगाची अपेक्षा होते. त्यांनी इभ्रत राखली, आणि पुढे महिनाभर मास्तरांची शिट्टी सोसली.

पण धावणं जमत गेलं, हे मात्र खरं. आधी एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत, मग रस्त्याच्या टोकापर्यंत, मग मैदानाला वळसा. दम लागायचा, पण आता तो जिन्यातला दम नव्हता. एके दिवशी तर धावता धावता त्यांना आपण धावतोय याचा चक्क विसर पडला. ते भानावर आले तेव्हा एकटेच हसत होते.

शर्यतीच्या सकाळी मैदानावर माणसांची ही गर्दी. कर्ण्यावर गाणी लागलेली, क्लबचे सेक्रेटरी टोपी घालून सगळ्यांच्या पाठीवर थाप मारत हिंडताहेत. मेहुणा जागच्या जागी उड्या मारत होता. साहेबांच्या छातीवर नंबराचा कागद होता आणि सदऱ्याच्या आत चादरीची पट्टी घट्ट बसलेली होती. वहिनी मार्गाच्या मध्यावर बाटली घेऊन गेल्या होत्या.

शर्यत सुटली आणि साहेबांच्या दोन्ही बाजूंनी लोक पुढे निघून गेले. मग बाबागाडीत मूल बसवून ती ढकलत धावणारी एक बाई पुढे गेली. मग एक आजोबा गेले, त्यांनी जाता जाता "चालू द्या, चालू द्या," असा धीरही दिला. साहेबांना 'चालू' हा शब्द ऐकायचीसुद्धा भीती वाटत होती. मध्यावर वहिनींनी एक घोट दिला आणि चार पावलं बरोबर धावल्या. शेवटच्या वळणावर पायांत गोळे आले. चाललो तर कुणाला कळणार आहे, असं मन म्हणायला लागलं. मागे कुणीच नव्हतं आणि पुढचे केव्हाच पोचले होते. पण आपल्याला कळेल, असं त्यांना वाटलं, आणि ते तसेच, गोगलगाय बरी अशा वेगाने, धावत राहिले.

शेवटची रेघ ओलांडली तेव्हा टाळ्या वाजवायला फारसं कुणी उरलं नव्हतं. तरी साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. गळ्यात पदक पडलं. वहिनी मध्यावरून धावत-चालत येऊन पोचल्या. मेहुणा केळं खात उभा होता, तो पुढे आला. चार ओळखीचे लोक बघून मोठ्याने म्हणाला, "भाऊजी, मानलं. शब्द मागे घेतला. ही कॉपी नाही."

एवढं ऐकून साहेब घरी गेले असते तर गोष्ट इथेच संपली असती.

पदकांच्या टेबलाला एक चाक टेकवून ठेवलं होतं. लांब दांडा, खाली रबरी धावेचं चाक, वर आकडे मोजणारी डबी. रस्त्यावरून ढकलत नेलं की अंतर सांगतं. "याच चाकाने आम्ही मार्ग मोजला," सेक्रेटरी अभिमानाने सांगत होते. "एक-एक मीटर."

साहेबांचा हात आपोआप चाकाकडे गेला. त्यांनी ते उचललं, बोटाने रबर चाचपलं. रबर झिजून पातळ झालं होतं. डबीच्या बाजूला शिक्क्याची जागा होती; शिक्का इतका जुना होता की वाचतासुद्धा येत नव्हता.

वहिनींनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्यांची बाही धरली. "अहो, नको. आज रविवार आहे."

"मी कुठे काय म्हटलं?"

"घरी चला. तुम्ही जिंकलात ना? चला."

साहेबांना घरी जायचं होतं. पदक गळ्यात हवं होतं, मेहुण्याचे शब्द कानांत हवे होते. सगळ्या आयुष्यात एवढा गोड ऐवज त्यांच्या हाती आला नव्हता, आणि तो गमावण्याची भीती त्यांना स्पष्ट कळत होती. पण झिजलेलं चाक लहान होतं, लहान चाक जास्त वेळा फिरतं, आणि जास्त वेळा फिरलं की डबी जास्त अंतर सांगते. एवढा हिशोब त्यांच्या डोक्यात न विचारताच होऊन गेला होता. ते स्कूटरपाशी गेले, डिकीतून खात्याची पोलादी टेप काढली, मैदानाच्या कडेने पसरली आणि तिच्या शेजारून चाक ढकलत नेलं. शंभर मीटरला तीन मीटरची खोट निघाली.

"सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले, "हे पाच किलोमीटर नाहीत. दीडशे मीटर कमी आहेत."

सेक्रेटरी हसले. "अहो, दीडशे मीटर म्हणजे काय! एवढ्याशाने कुणाचं बिघडतं?"

हे वाक्य साहेबांनी आजवर प्रत्येक दुकानात ऐकलं होतं. सील मारण्यासाठी त्यांचे हात शिवशिवले, पण ताकीद आठवली. "उद्या चाक घेऊन ऑफिसात या," एवढंच ते बोलले. मग मेहुण्याकडे वळले. "तुझ्या घड्याळात किती दिसलं रे?"

मेहुण्याने बाही खाली ओढली. "घड्याळाचं काय, भाऊजी... झाडंबिडं असली की जरा इकडेतिकडे होतं."

"किती?"

"चार किलोमीटर... आणि साडेआठशे." तो पुढे घाईघाईने म्हणाला, "माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ लागली होती हो. म्हटलं, कशाला बोला."

वहिनी भावाकडे बघतच राहिल्या. त्यांच्या ओठांवर आलेला शब्द कोणता होता ते मेहुण्याला न सांगता कळलं, आणि त्याचे कान लाल झाले. साहेबांना मात्र तो शब्द वापरावासा वाटला नाही. तो कसा लागतो हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी गळ्यातलं पदक काढून वहिनींच्या हातात दिलं. दीडशे मीटर मोजून घेतले आणि वहिनींना तिथे उभं केलं. परत येऊन रेघेवर उभे राहिले. पाय लाकडासारखे झाले होते. मंडप उतरवायला आलेली माणसं काम थांबवून बघायला लागली.

"भाऊजी, थांबा," मेहुणा म्हणाला. त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं आणि शेजारी येऊन उभा राहिला. "माझेही दीडशे बाकी आहेत."

दोघं निघाले. मेहुणा मनात आणता तर केव्हाच पोचला असता, पण तो साहेबांच्या अर्धं पाऊल मागे राहिला. साहेब हळू झाले की तोही हळू व्हायचा. वहिनी जवळ आल्या, दहा-बारा पावलं उरली, आणि मेहुणा तर जवळजवळ थांबलाच. साहेबांनी मान वळवून पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"तुम्ही पुढे व्हा, भाऊजी. आज तुमचा मान."

"अरे, मला दान नको!" साहेब धापा टाकत ओरडले. "पुरं माप दे! नीट धाव!"

मेहुणा क्षणभर बावरला. मग खाली मान घालून जीव खाऊन धावला आणि बहिणीला ओलांडून कितीतरी पुढे जाऊन थांबला. साहेब त्याच्यामागून आले. दोघांत दुसरे, म्हणजे शेवटचे आले. मंडपवाल्यांनी शिट्ट्या मारल्या.

वहिनींनी पदकाची फीत दोन्ही हातांनी धरली होती. "भरले का?" त्यांनी विचारलं.

साहेबांना बोलवत नव्हतं. गुडघ्यांवर हात टेकून त्यांनी आधी श्वास घेतला, मग पायाखालची खूण नीट बघून घेतली आणि मान पुढे केली.

"भरले," ते म्हणाले. "घाल आता."